चिमटा कुठं पडला होता?

आमच्या तालुक्यातल्या हॉस्पिटलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, डॉक्टर जास्त, माझ्यासारखे ॲडमिनचं काम बघणारे तीन-चार. परवा कुणीतरी तिथं नगरपालिकेची फायर ऑडिटची नोटीस टाकली आणि रात्री साडेअकरापर्यंत नुसता धुमाकूळ. एक पार्टी म्हणते हा सगळा वसुलीचा धंदा आहे, आधी नोटीस, मग घाबरवणं, मग ‘बघू काय करता येतं’, आणि शेवटी छोटी हॉस्पिटलं बंद पाडून मोठ्यांना रान मोकळं. दुसरी पार्टी (त्यात एक पत्रकार आणि एका डॉक्टरांचा वकील भाऊ) म्हणते तुम्हा लोकांना माणूस मेल्याशिवाय जाग येत नाही, दोन-चार जणांना आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील. मी दोन्हीकडचं वाचत बसलो होतो. एवढे ढीगभर मेसेज, पण एकानंही असं विचारलं नाही की अहो, मागच्या आगी नेमक्या लागल्या कशानं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नियम हवेत आणि ते लहान हॉस्पिटलनंही पाळायला हवेत, त्यात मला शंका नाही. पण आपल्याकडे नियम येतो तो त्याच्या मागची गोष्ट कापून येतो. कोण गेलं, कशानं गेलं, कुठली वायर, कुठलं कुलूप, हे खालपर्यंत पोचतच नाही, पोचतं फक्त परिपत्रक, आणि परिपत्रकासाठी आमच्याकडे फाइल असते. चौकशीचा अहवाल वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात पडत नाही आणि तपासणीचा निकाल हॉस्पिटलच्या दारावर लागत नाही, तोवर कितीही ऑडिट करा, कपाट तेवढं भरेल.

२०२१ हे एकच वर्ष घ्या. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले, आमच्याकडेही तो कागद आला, मीच इनवर्ड केला, म्हणजे आवक रजिस्टरला चढवला. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलला लागलेली आग तिथल्या कोविड हॉस्पिटलमध्ये शिरली. ९ एप्रिलला नागपूर. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात आग नव्हती, पण ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि किमान २२ माणसं गेली. दोनच दिवसांनी विरारला आयसीयूत आग, १३ रुग्ण त्या रात्रीच गेले. २८ ला मुंब्रा. आणि मग ६ नोव्हेंबरला नगरचं जिल्हा रुग्णालय, कोविडसाठी नव्यानं केलेला आयसीयू, ११ मृत्यू. ऑडिटच्या आदेशाला तेव्हा जवळपास दहा महिने झाले होते, आणि जळाला तो नवा कोरा विभाग, जुनाट वायरिंग म्हणून सुटका नाही. बरं, हे सगळं कोविडच्या गडबडीत झालं म्हणावं तर अंधेरीच्या कामगार रुग्णालयाची आग २०१८ ची आहे, तेव्हा कुठं होता कोविड?

आग का लागते हे खरं तर फार गूढ नाहीये. आयसीयू ही खोलीच अशी असते. खिडक्या सील, एसी चोवीस तास, आणि एसी बऱ्याचदा तेच जे आपण बेडरूममध्ये लावतो, रात्री आठ तास चालायला बनवलेले. एका बेडला व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, सक्शन, बाळांचा कक्ष असेल तर त्यांना ऊब देणारा वॉर्मर, म्हणजे सात-आठ प्लग, आणि भिंतीत बोर्ड चारचा, मग येतो एक्स्टेन्शन. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा दहा बेडचा लोड मंजूर करून घेतलेला असतो, नंतर बेड वाढतात, मशीन वाढतात, मंजूर लोड तोच. त्यात मास्कमधून सुटणारा ऑक्सिजन चादरीत, पडद्यात, गादीत मुरतो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही हे शाळेत शिकलोय आपण, पण दुसऱ्याला पेटवायला त्याच्यासारखा नाही, एरवी जिथं ठिणगी विझली असती तिथं भडका उडतो. आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा धुरानं. २०११ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या एका मोठ्या, महागड्या, काचेच्या इमारतीतल्या हॉस्पिटलात नव्वदच्या आसपास माणसं गेली. आग तळघरातल्या अडगळीत होती, पेशंट वरच्या मजल्यांवर होते, मधे फक्त धूर होता आणि उघडता न येणाऱ्या काचा. मॉलला आग लागली तर लोक पळतात. आमच्याकडचं गिऱ्हाईक पळू शकत नाही, त्याच्या नाकात नळी असते. एवढी एक गोष्ट नीट डोक्यात ठेवली तर ‘आम्हालाच एवढे नियम का’ हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये.

पण मी डॉक्टरांच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण रोज तेच कागद मी भरतो. आमच्या वीस बेडला नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. बायोमेडिकल वेस्टचं वेगळं, प्रदूषण मंडळाचं वेगळं, सोनोग्राफीचं पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) वेगळं, त्यात गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरायचा, त्यातला एक रकाना रिकामा राहिला तरी गुन्हा आणि सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये सांगितलं की ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही. लिफ्ट, जनरेटर, पीएफ. प्रत्येक खात्याचा माणूस वेगळ्या दिवशी येतो आणि प्रत्येकाला चहा लागतो (चहा म्हणजे चहाच असं नाही). आमची इमारत ऐंशीच्या दशकातली, खाली मेडिकल, वर हॉस्पिटल, आतला पक्का जिना एक. दुसरा पक्का जिना कुठून आणायचा, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून? उद्या नियमावर बोट ठेवून असली हॉस्पिटलं बंद केली तर रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई चाळीस किलोमीटरवर जाणार, आणि वाटेत जे होईल ते कुठल्याच ऑडिटमध्ये दिसणार नाही. ही भीती खोटी नाही. जे लोक पुण्या-मुंबईत बसून ‘सील करा’ म्हणतात त्यांनी एकदा आमच्याकडच्या रस्त्यानं पावसाळ्यात ॲम्ब्युलन्समधून यावं.

तरीही आमच्या डॉक्टरांचा युक्तिवाद मला पटत नाही, आणि त्याचं कारण आमचा मागचा दरवाजा आहे. आमच्याकडे मागून लोखंडी जिना आहे, तो वापरता येतो, पण कितीतरी वर्षं त्या दाराला कुलूप असायचं आणि किल्ली रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. का? तर एकदा एक पेशंट बिल न भरता तिथून गेला होता, आणि भेटीची वेळ नसताना नातेवाईक तिथून वर चढायचे. त्या दाराची उघडझाप फुकट होती. त्याला ना आर्किटेक्ट लागत होता ना पाच लाख. बोर्डात चांगला आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवणं, लोड एकदा मोजून घेणं, एक्स्टेन्शनवर वॉर्मर न लावणं, ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह कुठं आहे ते रात्रपाळीच्या मावशींनाही माहीत असणं, एवढ्यावर किती निभावलं असतं याचा हिशोब करा. ‘परवडत नाही’ हे दुसऱ्या जिन्याबद्दल खरं आहे, कुलपाबद्दल नाही. आणि आम्ही काय केलं, दुसऱ्या जिन्याच्या नावानं रडत बसलो आणि कुलूप तसंच ठेवलं.

मग तपासणीत ते कुलूप सापडलं असेल ना? इथंच तर गंमत आहे. आपल्याकडे आगीचा कायदा २००६ चा आहे, त्यात वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी द्यायचा असतो की यंत्रणा चालू स्थितीत आहे. कागदावर उत्तम तरतूद. प्रत्यक्षात काय होतं तर मी एजन्सीला फोन करतो, मुलगा येतो, सिलिंडरवरचं स्टिकर बदलतो, सिलिंडरसोबत माझा फोटो काढतो, दाराकडे बघतही नाही आणि चार दिवसांत फॉर्म येतो. यात त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही, त्याला विचारलंय कुणी की विरारला काय झालं? मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मला आलेल्या आदेशात फक्त ‘अग्निसुरक्षा उपाययोजना तात्काळ कराव्यात’ एवढं होतं. तात्काळ या शब्दानं सरकारी मराठीत काय काय सोसलंय ते एक त्यालाच ठाऊक.

आता दुसरी पार्टी, ‘आत टाका’वाले. त्यांचंही खरं आहे तेवढं आधी घेऊ. मे २०२४ मध्ये दिल्लीत विवेक विहारला बाळांच्या एका खाजगी दवाखान्यात आग लागली, सात नवजात बाळं गेली. परवाना दोन महिन्यांपूर्वीच संपला होता, परवानगी पाच बेडची आणि बाळं बारा. असल्या मालकाला तुरुंगात घालू नका असं मी कशाला म्हणेन? पैशासाठी डोळे उघडे ठेवून धोका पत्करला, तोही दुसऱ्याच्या बाळाचा, त्याला माफी नाहीच. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना ‘सिस्टिममधली त्रुटी’ असलं पुस्तकी उत्तर देणं हाही एक प्रकारचा अपमानच आहे, त्यांना नाव हवं असतं आणि ते मागायचा त्यांना हक्क आहे.

पण अटक होते कुणाला ते बघा. भंडाऱ्यात दोन नर्सेसवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. नगरला अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्या रात्री कोण कुठं होतं, ड्यूटीवर हयगय झाली का, हे कोर्ट ठरवेल, ते माझं काम नाही. माझा प्रश्न साधा आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टरला एक जळका सॉकेट बदलून घ्यायचा असेल तर काय करावं लागतं माहितीये? तिनं इन्चार्जला सांगायचं, इन्चार्जनं मेट्रनला, तिथून पत्र वर, मग सार्वजनिक बांधकामची विद्युत शाखा, मग अंदाजपत्रक, मग निधी. इमारत तिची नाही, वायर तिची नाही, एसी तिचा नाही, कंत्राट तिनं दिलेलं नाही. तिच्या हातात फक्त ड्यूटी आहे आणि आग लागल्यावर सगळ्यात जवळ तीच असते. सगळ्यात जवळचा तो गुन्हेगार, हा कुठला न्याय? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बाळं होती, आणि त्यावर आपल्याकडून काय उत्तर आलं तर एका खासदारांनी डीनच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला आणि व्हिडिओ राज्यभर फिरला. लोकांना बरं वाटलं. औषधं का नव्हती, माणसं किती कमी होती, खाजगीतून शेवटच्या घटकेला किती पेशंट पाठवले गेले, हे प्रश्न त्या झाडूखाली गेले ते गेलेच.

आणि या घाबरवण्याचा परिणाम काय होतो ते मी स्वतः केलंय म्हणून सांगू शकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या लेबर रूममधल्या बेबी वॉर्मरचा प्लग वितळला. रात्रीची वेळ, सिस्टरला रबर जळल्याचा वास आला, तिनं बाळ उचललं आणि हातानं नाही, लाकडी स्टूलच्या पायानं प्लग बाहेर ओढला. पाच-सात मिनिटं उशीर झाला असता तर आमच्या गावाचं नाव तुम्हाला भंडाऱ्याच्या दोन वर्षं आधी पाठ झालं असतं. सकाळी इलेक्ट्रिशियन आला, सॉकेट बदलला, भिंतीवरचा काळा डाग पेंटरनं झाकला, आणि सरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, कुठं बोलायचं नाही. मी नाही बोललो. त्या बाळाच्या आईबापांनाही नाही सांगितलं. भंडाऱ्याची बातमी आली त्या सकाळी मला आधी तो वास आठवला. आज विचार करतो, समजा मला सांगायचंच असतं, तर सांगणार कुणाला होतो? पोलिसांना? नगरपालिकेला, म्हणजे लगेच नोटीस? ‘आमच्याकडे थोडक्यात वाचलं, तुम्ही तुमचे वॉर्मर तपासा’ एवढं चार हॉस्पिटलना सांगायची सोय मला तरी कुठं दिसली नाही. तशी सोय असती तर त्या वर्षी आमच्यासारखे किती जळके प्लग कुठंतरी एका वहीत दिसले असते?

भीतीनं माणूस सुधारत नाही, लपवतो, हे पुण्याला तरी सांगायला नको. १८९७ ला प्लेगमध्ये रँडसाहेबानं जे केलं त्यातला हेतू बाजूला काढून बघितला तर आजार शोधा, पेशंट वेगळा करा, घर धुवा, हे वैद्यकीयदृष्ट्या वेडेपणाचं नव्हतं, कोविडमध्ये आपणही त्यातलं बरंच केलं. पण तपासणीला पाठवले गोरे सोल्जर, बुटांसकट देवघरात, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली, मेलेली घरातच पुरली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तपासणी होती तीच दिसेनाशी झाली. पुढं २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, पण आरोग्य खात्यानं त्या वर्षातून जो धडा घ्यायचा तो गोळीबाराचा नाही, लपवलेल्या पेशंटचा आहे.

त्याच प्लेगमधली दुसरी गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहिती असते, आणि मला ती जास्त कामाची वाटते. प्लेगवरची लस मुंबईतच तयार झाली, हाफकिनसाहेबांनी केली, पुढं परळला त्यांची लॅब झाली, तीच आपली हाफकिन इन्स्टिट्यूट. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एका दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना एका ठराविक बाटलीतून टोचली होती, बाटलीचा नंबर ५३ एन, आणि ते एकोणीसच्या एकोणीस धनुर्वातानं गेले. सरकारनं काय केलं, तर चौकशी बसवली, परळच्या लॅबमध्येच घाण झाली असं ठरवलं आणि हाफकिनना बाजूला केलं. दोष एका नावाला लागला की झालं. पण साक्षीपुराव्यांच्या कागदांत एक बारीकशी ओळ होती, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच त्यानं बूच काढलं. पुढं रोनाल्ड रॉस (मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे) आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीर आवाज उठवला, सगळं परत तपासलं गेलं आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली, पण हाताशी राहिलं काय? तो चिमटा. मदतनिसाला फाशी द्या असं कुणी म्हणालं असतं तर तो ‘चिमटा पडला होता’ हे कधी बोलला असता का? आणि ते कागद गुप्त राहिले असते तर रॉसनं काय वाचलं असतं?

आमच्या वकील मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, बरं, मग अहवाल बाहेर आले की सगळं ठीक होतं का? चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर नाही असं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये १४ पेशंट गेले. डोक्यातला, डोळ्यातला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, कारखान्यात वापरायचं विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं इतका सडेतोड अहवाल दिला की अन्न व औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत कुणाची भीड ठेवली नाही, आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. असा अहवाल आपल्याकडे परत क्वचितच झाला असेल. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये मरत होती, त्या सिरपमध्ये सापडलं तेच डायएथिलीन ग्लायकॉल, अठ्ठेचाळीस टक्क्यांहून जास्त. याच विषानं १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर लोक मेले होते आणि १९३८ मध्ये त्यांनी औषधांचा कायदाच नवा केला. आपल्याला एकाच विषाचा धडा किती वेळा शिकायचाय? आणि गंमत बघा, छिंदवाड्यात पहिली मोठी अटक कुणाची, तर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरची. ज्याच्याकडे बाटलीत काय आहे ते तपासायचं साधनच नव्हतं. कंपनीच्या मालकाचा नंबर काही दिवसांनी लागला.

तेव्हा अहवाल एकदा छापून कपाटात गेला तर तोही परिपत्रकासारखाच. तो दरवर्षी नव्या माणसाला परत सांगावा लागतो. फार्मसीच्या पोराला पहिल्या वर्षी लेंटिन अहवालातली दोन पानं वाचायला द्या, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना भंडाऱ्याची ती रात्र तासातासानं सांगा. आपल्याकडे कीर्तनकार तोच अभंग आयुष्यभर लावतो आणि लोक दरवेळी नव्यानं ऐकतात, कारण तो सांगतो गोष्ट. आरोग्य खातं सांगतं कलम.

सरकारी दवाखान्यांचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. आमच्या नर्सिंग होमला लागू असलेला १९४९ चा कायदा सरकारच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांना लागूच नाही. केंद्राचा दवाखान्यांच्या नोंदणीचा २०१० चा कायदा सरकारी दवाखान्यांनाही धरतो, पण तो महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. वर मोजलेल्यांपैकी भंडारा, नाशिक, नगर बघा, मालक कोण? जो तपासणारा तोच मालक असेल तर तो स्वतःला नोटीस कशी देणार, आणि दिली तरी इनवर्ड कोण करणार? छोट्या डॉक्टरांचा राग इथं शंभर टक्के योग्य आहे. फक्त त्यातून ‘त्यांना नाही तर आम्हालाही नको’ असं निघत नाही, ‘त्यांनाही लावा’ असं निघतं.

इंग्लंडमध्ये हे वेगळ्या तऱ्हेनं करतात. तिथं स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात २००५ ते २००९ च्या दरम्यान पेशंटची इतकी हेळसांड झाली की शेवटी जाहीर चौकशी झाली आणि २०१३ मध्ये २९० शिफारशींचा अहवाल आला, कुणीही डाउनलोड करून वाचावा असा. पुढच्याच वर्षी नियम झाला की आमच्या हातून काही चुकलं आणि पेशंटला इजा झाली तर ते आम्हीच त्याला सांगायचं, माफी मागायची. (मला वॉर्मरवाल्या बाळाचे आईबाप आठवले.) तपासणी करणारी सीक्यूसी नावाची संस्था आहे, हॉस्पिटल असो की म्हाताऱ्यांचं केअर होम, ती शेरा देते आणि तो शेरा दारावर लावायचा, हॉटेलच्या मेन्यूसारखा. माझी एक मामेबहीण तिकडे केअर होममध्ये कामाला आहे, ती म्हणते इन्स्पेक्टर आमच्याशी कमी आणि आज्यांशी जास्त बोलतो, जेवण गरम मिळतं का, बेल दाबली तर कोण येतं. आता तिकडे रामराज्य आहे असं नाही, त्याच सीक्यूसीवर २०२४ मध्ये इतकी टीका झाली की त्यांच्याच आरोग्यमंत्र्यांनी ही संस्था कामाची राहिली नाही म्हणून टाकलं, तपासण्या रखडलेल्या, काही ठिकाणचे शेरे कित्येक वर्षं जुने. पण ते आपल्याला कळलं कसं? कारण तपासणाऱ्याची तपासणीही त्यांनी उघड केली.

आणि म्हाताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे घरोघरी ब्युरोमार्फत मावशी किंवा काका येतात ना पेशंट सांभाळायला, मुलं अमेरिकेत आणि आईवडील कोथरूडला, त्या ब्युरोला कुठला कायदा लागू आहे? २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात वृद्धाश्रमांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी होती, पण ते कायद्यात उतरलंच नाही. म्हणजे माझ्या आईला इंजेक्शन देणाऱ्या बाईनं ते कुठं शिकलं हे विचारायचा हक्कही मला ब्युरोशी तोंडी ठरलं तरच मिळतो. उद्या तिथं काही घडलं की परत तेच, मावशीला अटक आणि ब्युरोचा फोन स्विच ऑफ.

मला कुणी विचारलं तर मी तीन-चारच गोष्टी मागेन आणि त्यातली एकही फार महाग नाही. रुग्णालयातल्या प्रत्येक मोठ्या दुर्घटनेचा अहवाल ठरलेल्या मुदतीत मराठीत, आमच्या सिस्टरला कळेल अशा भाषेत, चित्रासकट बाहेर यावा, आणि पुढचं परिपत्रक त्या अहवालाशिवाय काढताच येऊ नये. फॉर्म बी आणि तपासणीचा शेरा रिसेप्शनवर, दरपत्रकाच्या शेजारी लागावा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायचा नियम २०२१ पासून आहेच, आणीबाणीतल्या पेशंटला पैशासाठी अडवायचं नाही हेही त्यातच आहे, पण २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या अनामत रकमेवरून राज्यभर संताप झाला तेव्हा महापालिकेला तोच नियम हॉस्पिटलांना पुन्हा कळवावा लागला, म्हणजे चार वर्षं तो कुणाच्या फाइलला होता ते समजून घ्या. थोडक्यात वाचलेल्या घटना नाव न देता कळवायची जागा हवी, जिथं कळवलं म्हणून गुन्हा दाखल होणार नाही. आणि हे सगळं आधी सरकारी दवाखान्यांना. एवढं झालं की मग ज्यानं जाणूनबुजून पाच बेडच्या जागेत बारा बाळं ठेवली त्याला खुशाल आत टाका, मी टाळ्या वाजवेन.

हे सगळं एवढं लांबलचक मी ग्रुपवर टाकलं नाही. मी फक्त विचारलं, की मंडळी, भंडाऱ्याचा चौकशी अहवाल आपल्यापैकी कुणी वाचलाय का, कुणाकडे पीडीएफ आहे का. दहा मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. दोन निळ्या टिका सगळ्यांच्या. मग एकानं ‘सर चांगला मुद्दा’ म्हणून अंगठा दिला, आणि त्याच्या खाली दुसऱ्यानं एका एजन्सीचं व्हिजिटिंग कार्ड टाकलं, जुलैचा फॉर्म बी कुणाचा राहिला असेल तर सांगा, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालतात म्हणे, यायचीसुद्धा गरज नाही.